गळा काढावा तर असा!

आमच्या गगनबावड्यात पाऊस लागला की चार महिने दुसरं काही ऐकू येत नाही. पत्र्यावर पाऊस, पन्हळीत पाऊस, रात्री झोपेतसुद्धा कानात पाऊसच. त्या दिवशी दुपारी मात्र जरा उघडीप होती. मी ओसरीवर बचत गटाच्या वह्या काढून बसले होते, आणि मागच्या खोपीतून एक आवाज आला. मला वाटलं, गाभण म्हैस अडली. वही टाकून पळाले, तर म्हैस आपली शांतपणे रवंथ करतेय! तेवढ्यात शेजारच्या खोपीतून पुन्हा तोच आवाज. आधी रेड्यासारखा खोल, मग एकदम डुक्कर पकडल्यासारखी किंचाळी.

कोपऱ्यातली काठी घेतली आणि दार ढकललं. आत माझा लेक! डोळे मिटलेले, एक हात पोटावर, समोर लाकडाच्या मोळीवर मोबाईल ठेवलेला. मला बघून तो दचकला आणि अगदी नेहमीच्या, मऊ आवाजात म्हणाला, ‘‘काय झालं आई?’’

मैत्रिणींनो, काय झालं ते मी त्याला विचारायचं की त्यानं मला?

तोवर कुंपणापलीकडून शेजारच्या काकी डोकावल्याच. ‘‘वैनी, पोरगं असं का वरडालंय? बाहेरचं काय न्हाई न्हवं? एकदा बघून घ्या, लई वाईट असतंय.’’ बघून घ्या म्हणजे कुणाकडून, हे तुम्हाला सांगायला नको. गेली पंधरा वर्षं मी वाड्यावस्त्यांवर बायकांना सांगत फिरते, अंगात येतं म्हणून अंगारे-धुपारे करू नका, आधी डॉक्टरकडं चला. आता तोच सल्ला मला माझ्या घरात वापरायची वेळ आली होती.

संध्याकाळी घरात व्हायचा तो तमाशा झालाच. ह्यांचं म्हणणं एकच, ‘‘पुण्याला शिकायला घातलं ते हे शिकायला?’’ लेक गप्प. तो असाच आहे, लहानपणापासून अबोल. ताटावरून उठून गेला. मी मात्र ठरवलं, हे आहे तरी काय ते आधी समजून घ्यायचं. बीएला मराठी साहित्य घेतलं तेव्हापासून एक खोड लागलीय, न कळलेल्या गोष्टीला नावं ठेवायची नाहीत. कळल्यावर ठेवायला आपण मोकळ्याच!

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन खोपीत गेले. म्हटलं, ‘‘सांग बाबा, हे कुठलं गाणं?’’

‘‘डेथकोअर,’’ तो म्हणाला.

नाव ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. पण त्यानं समजावलं ते असं. अमेरिकेत १९८०च्या दशकात डेथ मेटल नावाचं संगीत तयार झालं. अतिशय वेगवान ड्रम्स, खालच्या सुरात लावलेल्या गिटारी आणि शब्द न गाता गुरगुरत म्हणायची पद्धत. दुसरीकडं हार्डकोअर पंक होतं, रागीट, थेट, रस्त्यावरच्या पोरांचं. २०००च्या आसपास या दोन्हींची सरमिसळ झाली आणि तिला डेथकोअर म्हणू लागले. कॅलिफोर्नियातला ‘सुइसाइड सायलेन्स’ हा २००२ साली निघालेला गट आणि टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावचा २००६चा ‘व्हाइटचॅपल’ ही त्यातली मोठी नावं. अलीकडं न्यू जर्सीच्या ‘लॉर्ना शोअर’चं २०२१ मधलं ‘टू द हेलफायर’ हे गाणं जगभर गाजलं. त्या गाण्याच्या शेवटी गायक विल रामोस जे आवाज काढतो, ते माणसाच्या गळ्यातून निघतात यावर माझा तरी पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

यात ‘ब्रेकडाउन’ नावाचा एक प्रकार असतो. धावणारी लय अचानक निम्म्यावर येते, प्रत्येक ठोका जमिनीवर मुसळ आपटल्यासारखा पडतो आणि ऐकणारी पोरं सगळी मिळून उसळतात. हे ऐकताना मला आपली हलगी आठवली. कोल्हापूरकडच्या बायकांना सांगायला नको, हलगी-घुमकं जलद वाजता वाजता एकदम ठाय लयीत आली की बसलेल्या म्हाताऱ्याचाही पाय हलतो. म्हटलं, हे तर ओळखीचं आहे की!

डेथकोअरमध्येही पोटजाती आहेत. कुणी त्यात अवघड, गुंतागुंतीचं गिटारवादन आणतं, कुणी पियानो-व्हायोलिनचा मोठा ताफा घालून सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखं भव्य करतं, तर कुणी नुसती जड, संथ लयच धरून ठेवतं. पण खरी ओळख गळ्याची.

आणि इथं माझ्या लेकानं मला जे शिकवलं, ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

आपल्या गळ्यात स्वरतंतूंची एक जोडी असते, हे शाळेत शिकलो. ते एकमेकांवर आपटून कंप पावतात आणि आवाज तयार होतो. बाईच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण दोनशे वेळा आपटतात, पुरुषाच्या बोलण्यात त्याच्या जवळपास निम्म्यानं. पण या जोडीच्या वर आणखी एक जोडी असते, जाड, मांसल पडद्यांची. इंग्रजीत त्यांना ‘फॉल्स कॉर्ड्स’ म्हणजे खोटे स्वरतंतू म्हणतात. बोलताना ते उघडेच राहतात. घास गिळताना मात्र मिटतात, अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. भरलेली पाटी डोक्यावर उचलताना आपण श्वास कोंडतो आणि तोंडातून ‘हं’ निघतो ना, तेव्हाही तेच मिटलेले असतात. डेथकोअरमधली खोल गुरगुर या वरच्या पडद्यांतून काढतात. खालचे खरे तंतू त्यात फारसे भरडले जात नाहीत.

दुसरी रीत ‘फ्राय’ची. सकाळी उठल्या उठल्या आपला आवाज कसा चरचरीत, तेलात काही तळल्यासारखा निघतो, तोच आवाज पोटातल्या श्वासाच्या आधारानं वर नेला की धारदार किंचाळी होते. बाकी सगळी करामत तोंडाची. ओठ ‘ऊ’सारखे केले, जीभ मागं घेतली की आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल होतो, तोंड ‘ई’सारखं ताणलं की कर्कश. ती डुकराची किंचाळी होती ना, तिला खरोखरच ‘पिग स्क्विल’ म्हणतात! काहीजण श्वास आत ओढत हे आवाज काढतात, पण त्यानं घसा कोरडा पडतो आणि ताबा राहत नाही, म्हणून जाणते लोक ती वाट टाळायला सांगतात.

मला सर्वांत नवल वाटलं ते हे, की हा आवाज वाटतो तितका मोठा नसतोच. जवळ धरलेला माईक तो मोठा करतो. ‘‘जोर लावला की गळा गेला,’’ लेक म्हणाला. ‘‘जोर पोटात, गळा सैल.’’ न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या बाईंनी हे शिकवण्याचा धंदाच काढलाय. शास्त्रीय गाण्याची तालीम घेतलेल्या या बाईंची ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ ही डीव्हीडी २००५ साली निघाली, आणि मोठमोठ्या गटांचे गायक त्यांच्याकडं शिकून गेलेत. म्हणजे बघा, जगातल्या दांडगट पोरांना ओरडायला शिकवणारी एक बाईच!

आणि ओरडणाऱ्याही बायका आहेत बरं का. स्वीडनच्या ‘आर्च एनेमी’ गटात अनेक वर्षं अँजेला गोसो या जर्मन बाई गुरगुरत होत्या. २०१४ साली त्यांच्या जागी कॅनडाच्या अलिसा व्हाइट-ग्लुझ आल्या. युक्रेनच्या ‘जिंजर’ गटाची तातियाना एका दमात गोड गाते आणि दुसऱ्या दमात वाघिणीसारखी डरकाळते. लेकानं व्हिडिओ दाखवला तेव्हा मी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, खोटं कशाला बोलू!

‘हे सगळं परदेशातलं खूळ’ असं ह्यांचं म्हणणं. तेही तितकंसं खरं नाही. आपल्या मुंबईत २००० साली साहिल मखिजा या तरुणानं ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा गट काढला. त्यांचा २०१७चा अल्बम कशावर असेल? विष्णूच्या दहा अवतारांवर! नाव ‘दशावतार’. आमच्या घाटाखाली सिंधुदुर्गात रात्र रात्र दशावतारी नाटकं चालतात. तिथला संकासुर हा राक्षस आणि ही मंडळी एकाच कुळातली वाटतात की नाही? याच साहिलचा ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम आहे, आणि गुरगुरणारा हा माणूस त्यात पनीर नि अंड्यांचे पदार्थ अगदी प्रेमानं शिकवतो. २००३ साली मुंबईतच ‘भयानक मौत’ नावाचा गट निघाला, त्यात दोन-दोन गायक ओरडायला. २००७ साली ‘गटस्लिट’ आला, त्याचे गायक आदित्य बर्वे. बर्वे! ‘‘आता म्हणा परदेशी,’’ असं मी ह्यांना म्हटलं, तर ह्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला.

गळ्यातून दुहेरी, घोगरा आवाज काढणं ही तर माणसाची फार जुनी विद्या आहे. मंगोलियाशेजारच्या तुवा प्रांतातले गुराखी ‘कारगिरा’ नावाचं गाणं याच वरच्या पडद्यांनी गातात. तिबेटी भिक्षूंचे अतिखर्जातले मंत्र, इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या मेंढपाळांचं गाणं, सगळीकडं तीच युक्ती. गुराखी आणि मेंढपाळ हे वाचून मला आमच्या धनगरवाड्यावरचे मामा आठवले. धुक्यात शेळ्या दिसत नाहीत तेव्हा ते या डोंगरावरून त्या डोंगराला हाळी देतात. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत! त्यांना कुणी डीव्हीडी दिली होती?

इतकं सगळं ऐकूनही आईचं मन ते. गळा फाटला तर? रक्त आलं तर? म्हटलं, चल, कोल्हापूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरना दाखवून येऊ. तो हसला. म्हणाला, ‘‘विल रामोसनं २०२२ मध्ये दाखवलं होतं.’’ मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच, अमेरिकेत युटा विद्यापीठात त्याच्या घशात कॅमेरा घालून, तो ओरडत असताना आत काय होतं याचं चित्रण केलंय. एलिझाबेथ झॅरॉफ या ऑपेरा गायिकेनं ते घडवून आणलं. वरचे पडदे, त्यांच्या भोवतीचा सगळा भाग पाण्यातल्या वनस्पतीसारखा हलतो, वळतो, दुमडतो, आणि खालचे खरे तंतू चांगल्या स्थितीत. डॉक्टर मंडळीसुद्धा थक्क.

तरी आम्ही गेलो. डॉक्टर बुजुर्ग होते. त्यांनी दुर्बीण घातली, पडद्यावर चित्र आलं. ‘‘छान,’’ ते म्हणाले, ‘‘मोत्यासारखे पांढरे आहेत तंतू.’’ माझा जीव भांड्यात पडला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘‘बाई, पण तुमचा आवाज कधीपासून बसलाय?’’

माझा? माझा आवाज असाच आहे की! बचत गटाच्या बैठका, ग्रामसभा, शाळेतले कार्यक्रम, सगळीकडं माईकशिवाय बोलायची सवय. पावसात पत्र्याखाली बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. घरी आलं की मळ्यातल्या माणसांना हाका. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा, मी खडीसाखर तोंडात टाकायची, संपलं.

दुर्बीण माझ्याही घशात गेली. दोन्ही तंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात ना, तसे आवाजाला पडलेले घट्टे! ‘व्होकल नोड्यूल्स’. मोठ्या माणसांत हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, शिक्षिकांना तर फारच. घाबरण्यासारखं नव्हतं. आवाजाला विश्रांती आणि बोलायची रीत बदलणं, एवढ्यानं बहुतेकांच्या गाठी बऱ्या होतात, असं त्यांनी सांगितलं.

दिवसभर रेड्यासारखं ओरडणाऱ्या पोराचा गळा मोत्यासारखा, आणि समाजकार्य करणाऱ्या आईच्या गळ्याला घट्टे! परतीच्या एसटीत लेक खिडकीकडं तोंड करून हसू दाबत होता. मला बोलायला मनाई, नाहीतर दाखवलं असतं!

त्या महिन्यात मी सक्तीनं कमी बोलले, आणि माझा गुरू झाला माझाच लेक. रोज सकाळी आम्ही दोघं खोपीत. पोटावर हात ठेवून श्वास, खांदे न उचलता. ओठ फुरफुरवायचे, घोड्यासारखे. जबडा सैल सोडायचा. कुजबुजायचं नाही, कारण कुजबुजण्यानंही तंतूंना ताण पडतो. दिवसभर पाण्याचे घोट.

असंच एकदा, पाऊस मुसळधार लागलेला, मी त्याला पाटीवर लिहून विचारलं, ‘तू ओरडतोस ते शब्द कुठले?’ तोवर मला वाटत होतं, इंग्रजीच असणार.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मराठी आहेत. मांडुकलीचं पाणी.’’

पुढं काही सांगायची गरजच नव्हती. जुलै २०२१चा महापूर. माझ्या सासूबाईंना रात्री श्वास लागला. कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर. शेजाऱ्यांची गाडी काढली, हे पुढं, मागच्या सीटवर लेकाच्या मांडीवर आजीचं डोकं. तो तेव्हा सोळा वर्षांचा. मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर पसरलेलं, पुढचं काही दिसत नव्हतं. घाट उतरून कोकणात जायची हिंमत त्या पावसात कोण करणार? गाडी वळवली. उजाडायच्या आत सासूबाई गेल्या, आणि दहनाला कोरडी लाकडं मिळवतानासुद्धा जीव मेटाकुटीला आला. आम्ही सगळे रडलो. हा रडला नाही. तेराव्यापर्यंत नाही, त्यानंतरही नाही. लोक म्हणाले, पोरगं दगडाच्या काळजाचं. आजीनं वाढवलेलं पोर! मलासुद्धा, खोटं का बोलू, तसंच वाटलं होतं. ह्यांनाही. त्यानंतर बापलेकांत बोलणंच कमी झालं.

‘‘आज्जीचा श्वास असाच वाजत होता आई,’’ तो म्हणाला. ‘‘कॉलेजात पहिल्यांदा हे संगीत ऐकलं, तेव्हा मला तोच आवाज आठवला. मला रडायला येत नाही. हे येतं.’’

मी त्याला जवळ घेतलं. बोलायला मनाई होती ते बरंच झालं. बोलले असते तर काहीतरी चुकीचंच बोलले असते.

नंतर कळलं, हे असं करणारा तो एकटा नाही. ‘व्हाइटचॅपल’च्या फिल बोझमन या गायकानं २०१९ मध्ये ‘द व्हॅली’ हा अल्बम केला, त्यात त्याचं बालपण आणि आईचा मानसिक आजार आहे. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ गटानंही नैराश्याशी झुंजणाऱ्यांसाठी गाणं केलं. सगळीच गाणी अशी नसतात, हेही सांगायला हवं. या संगीतात नुसत्या रक्तामांसाच्या, ओंगळ वर्णनांची गाणी भरपूर आहेत, आणि बायकांविषयी वाईट लिहिलेलीही आहेत. ती मला आवडत नाहीत, आणि तसं मी लेकाला स्पष्ट सांगितलंय. त्यालाही ती आवडत नाहीत म्हणाला.

आपल्याकडं मयताच्या घरी बायका गळा काढून रडतात. पूर्वी तर गेलेल्याचे एकेक गुण आठवून, सुरात रडायच्या. आम्हाला ती मोकळीक आहे. पुरुषाला कुठं आहे? ‘बायकांसारखा रडतोस काय’ हे आपणच पोरांना पाळण्यापासून ऐकवतो, आणि मग एखादा खोपीत जाऊन रेड्यासारखा ओरडला की देवऋषी शोधतो.

रात्री ह्यांना सगळं कागदावर लिहून दाखवलं. ह्यांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी लेक खोपीत गेला तेव्हा हे छत्री घेऊन मागोमाग गेले आणि दाराबाहेर उभे राहिले. गाणं संपेपर्यंत उभे होते. मग आत डोकावून एवढंच म्हणाले, ‘‘आत धूर कोंडतोय. माडीवर बस जा.’’

आता तो माडीवर गातो. शेजारच्या काकींना मी सगळं समजावलं. त्यांना कितपत पटलं कोण जाणे, पण परवा म्हणाल्या, ‘‘आज आवाज आला न्हाई वैनी, पोरगं पुण्याला गेलं व्हय?’’ खरंच गेलं होतं.

मैत्रिणींनो, डेथकोअर ऐका असं मी म्हणत नाही. मला स्वतःला ते अजून पाच मिनिटांवर ऐकवत नाही. पण दोन गोष्टी सांगते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर खडीसाखर चघळत बसू नका, डॉक्टरांना घसा दाखवा, आणि मिश्री-तंबाखू लावत असाल तर एक दिवसही थांबू नका. बैठकीत माईक मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि दुसरं, घरातलं पोर कुठल्या तरी खोलीत दार लावून न कळणारं काही ऐकत, गात, वाजवत असेल, तर काठी घेऊन जाऊ नका. चहा घेऊन जा.

माझ्या गाठी आता बऱ्याच विरल्यात. आवाज मोकळा झालाय. गेल्या आठवड्यात धनगरवाड्यावर गेले होते. धुक्यात वाट चुकले, म्हणून पोटातून श्वास घेऊन हाळी दिली. पलीकडच्या डोंगरावरून मामांची हाळी आली. खाली उतरल्यावर म्हणाले, ‘‘कोण बाप्या हाय म्हनलं!’’